चौदा पूज्यांची साखर

कोल्हापूर संस्थानात महाराजांच्या खालोखाल मोठं काय, असं त्या काळी मला कुणी विचारलं असतं, तर मी बेधडक सांगितलं असतं, आमच्या मामंजींचं माप. मामंजी म्हणजे माझे सासरे. अंगानं किरकोळ, आवाज बेताचा, फेटा मात्र डोक्याच्या मानानं भलताच मोठा. आणि फेट्याहूनही मोठं ते माप. आमचं घर, परसातली विहीर, आजूबाजूच्या गल्ल्या, सगळी मंगळवार पेठ उचलून त्या मापात टाकली असती तरी ते तळाशीसुद्धा धड भरलं नसतं. आणि एवढ्या मोठ्या मापानं मामंजी मोजत काय होते? चमचाभर साखर. पळीभर तेल. वाटीभर ताक.

मी पेठ वडगावची. आमच्याकडं माप म्हणजे हात. पीठ ओंजळीनं, मीठ चिमटीनं, आणि पाहुणे जास्त आले की आमटीत पाणी डोळ्यानं. लग्न होऊन कोल्हापुरात आले आणि दुसऱ्याच सकाळी मामंजींना दूध द्यायला सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, गेले. त्यांनी पेल्यात पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "सूनबाई, साखर किती घातलीत?" मी खाली मान घालून म्हटलं, "एक चमचा, मामंजी." त्यांनी डोळे मिटले, पाठ ताठ केली आणि म्हणायला सुरुवात केली, "शून्य दशांश, पूज्य, पूज्य, पूज्य, पूज्य..." त्या काळी शाळेत शून्याला पूज्यच म्हणत, पण माझी शाळा दुसऱ्या इयत्तेत सुटलेली. मला वाटलं, हा यांचा दूध पिण्याआधीचा मंत्र. मी पदर सावरून हात जोडले. पूज्यं चालूच. दुधावर साय धरली. शेवटी त्यांनी डोळे उघडून "पाच!" म्हटलं आणि समाधानानं पेला तोंडाला लावला. आतून सासूबाईंचा आवाज आला, "पोरी, हात खाली घे. देव न्हाय त्यो, हिशेब हाय."

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनीच मला पुढं सगळी हकीकत सांगितली. मामंजी संस्थानच्या बांधकाम खात्यात ओव्हरसीअर होते. सगळी हयात तळी, बंधारे आणि पाट मोजण्यात गेली. डोंगराकडच्या एका तलावाच्या कामावर त्यांचा जो गोरा साहेब होता, त्यानं विलायतेला परत जाताना त्यांना फ्रान्स देशातल्या मापांचं एक पुस्तक भेट दिलं. त्यात मीटर होता, लिटर होता, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यांच्या वर, घन किलोमीटर होता. मामंजींनी लिटरकडं ढुंकूनही पाहिलं नाही. "लिटर म्हणजे आपला तांब्या. तांब्याला नवं नाव देऊन काय मिळवायचं? माप घ्यायचं तर ज्याच्यावर दुसरं माप नाही असं घ्यावं," असं ते म्हणत. नोकरीत होते तोवर हे वेड तलावांवर खपून गेलं. मग पेन्शन झाली. मोजायला तलाव उरला नाही. दारात बसावं तर गल्ली कोरडी. तेव्हा त्यांनी मान वळवली आणि त्यांना स्वयंपाकघर दिसलं. तिथली चमचाभर साखर घन किलोमीटरात मांडली, की दशांशानंतर चौदा पूज्यं आणि मग पाच.

आत्याबाईंना घन किलोमीटर हा शब्द कधीच म्हणता आला नाही. त्या त्याला घनकिल्ला म्हणायच्या. मामंजींनी त्यांना तो समजावून देण्याचा प्रयत्न केला, तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. आत्याबाई चुलीपुढं बसून वांग्याच्या भाजीला फोडणी देत होत्या, हातात तेलाची पळी. मामंजी उंबऱ्यावर उभे राहून म्हणाले, "हे बघ, असा एक हौद डोळ्यांपुढं आण. जुन्या राजवाड्यापासून रंकाळ्यापर्यंत लांब. तेवढाच रुंद. आणि उंच किती? पन्हाळ्यावर पन्हाळा ठेवला तरी वर जागा राहील एवढा. आणलास?"

"आणला."

"आता त्या हौदात ही पळी ओत."

"कशाला वतू?" आत्याबाई म्हणाल्या. "वांगी जळाय लागल्यात. मी भाजीत वतते की."

मामंजींना राग आला नाही. राग त्यांना येतच नसे. शिकवणाऱ्याला ज्याची कीव येते त्याच्याकडं तो जसा बघतो, तसं आत्याबाईंकडं बघत ते पळीची पूज्यं मोजत सोप्यात निघून गेले.

गल्लीत मात्र मामंजींचं प्रस्थ वाढत गेलं. आमच्या खिडकीवरून पाण्याला जाणाऱ्या बायकांना रोज सकाळी आतून "पूज्य, पूज्य, पूज्य" असा संथ, गंभीर जप ऐकू यायचा. पेन्शनीनंतर ओव्हरसीअरसाहेबांना उपरती झाली, अशी वार्ता पसरली. एकदोघी रोज खिडकीखाली थांबून नमस्कार करून पुढं जाऊ लागल्या. एकीनं तर आत्याबाईंना विचारलं, "कुठल्या म्हाराजांचा अनुग्रह घेतलाय म्हणायचा?" आत्याबाई म्हणाल्या, "साखरंचा." तिला ते फारच गूढ वाटलं आणि ती दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन आली.

शेजारी एक अत्तरवाले चाचा राहायचे. वयानं मामंजींच्या बरोबरीचे, मेंदी लावलेली दाढी, बोलणं अर्धं आमचं, अर्धं त्यांचं. मामंजींच्या मापाची खरी कदर करणारा मनुष्य गल्लीत तो एकच. एकदा त्यांनी मामंजींच्या मनगटावर गुलाबाचा एक थेंब टेकवला आणि सहज विचारलं, "साहेब, हे किती झालं वो तुमच्यात?" मामंजींनी डोळे मिटले. थेंब म्हणजे चमच्याच्याही पलीकडची गोष्ट. पूज्यं संपता संपेनात. सोळा पूज्यं होऊन मग कुठं पाच आला. "वा! क्या बात है!" चाचा म्हणाले. त्यानंतर त्यांच्या पेटीत दोन प्रकारची अत्तरं दिसू लागली, एक चौदा पूज्यवालं आणि एक सोळा पूज्यवालं. सोळावालं भारी. गिऱ्हाईक नाकाला लावून म्हणायचं, "व्हय, फरक हाय." दोन्ही कुप्या एकाच बुधल्यातून भरलेल्या असत, पण मामंजींना ते कुणी सांगितलं नाही. विद्येचा व्यवहारात उपयोग होतोय, याचा त्यांना केवढा आनंद होता.

एवढ्यावर थांबले असते तर ते मामंजी कसले? त्यांनी दरबारात अर्ज केला. संस्थानातले शेर, पायल्या, चिपटी, मापटी रद्द करून घरोघरी घन किलोमीटर सुरू करावा. म्हणजे मोठ्याच्या आणि लहानाच्या पानातलं अंतर आपोआप नाहीसं होईल, कारण त्या मापात सरदाराचं तूप आणि हमालाचं तेल सारखंच दिसतं. महिनाभरानं कचेरीतून बोलावणं आलं. मामंजी नवा फेटा बांधून गेले. कारकुनानं अर्ज पुढ्यात पसरला, पूज्यांवरून बोट फिरवलं आणि अतिशय आदरानं विचारलं, "रावसाहेब, यात सगळं शून्यच आहे, तर मागणी नेमकी कशाची आहे?" मामंजी घरी आले ते खुशीत. "माणूस हुशार आहे. शेवटपर्यंत वाचलं त्यानं," म्हणाले. अर्जाचं पुढं काय झालं, ते कारकुनाला ठाऊक.

मग वन्संचं, म्हणजे माझ्या धाकट्या नणंदेचं, लग्न ठरलं. स्थळ सावंतवाडीकडचं, माणसं सालस, नारळाच्या रसावर वाढलेली. लग्नाच्या दिवशी गोडाधोडाचं जेवण झालं. दुसऱ्या दिवशी आमच्या रिवाजाप्रमाणं मटणाचं. कोठीवर मामंजी स्वतः बसले. आत्याबाईंनी परोपरीनं सांगितलं, "अवो, कोठीवर दुसऱ्या कुणाला तरी बसवा. तुम्ही पावण्यांत बसा, शोभता." पण मुलीच्या लग्नात आपली विद्या उपयोगी पडायची नाही तर कधी पडायची, असं त्यांचं म्हणणं. आचारी माप सांगणार, मामंजी त्याचे घन किलोमीटर करणार, ते मनात पक्के करणार, आणि मग ते पुन्हा शेरात आणून जिन्नस काढून देणार. सरळ शेरानं शेर का द्यायचा नाही, हे आचाऱ्यानं विचारलं नाही, कारण त्याला चूल पेटवायची होती.

आचारी आला आणि म्हणाला, "मालक, रश्श्याला शेरभर चटणी काढा." कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसणाचं लाल तिखट, हे वडगावच्या मुलीला सांगावं लागत नाही, पण वाडीच्या पाहुण्यांना ते त्या दिवशी कळलं. शेराला अकरा पूज्यं आणि मग एक. मामंजी निम्म्यापर्यंत पोचले असतील नसतील, तेवढ्यात दारात व्याही उभे राहिले. मामंजी उठले, रामराम झाला, रात्री झोप नीट लागली का, ढेकूण नव्हते ना, अशी विचारपूस झाली. व्याही गेले. मामंजी पुन्हा बसले आणि जिथं सोडलं होतं तिथून, म्हणजे जिथं सोडलं असं त्यांना वाटलं तिथून, पुढं मोजू लागले. एक पूज्य मधल्या मधे गळालं. मोठ्या मापात ती चूक एका पूज्याची. लहान मापात नऊ शेरांची.

आचाऱ्यानं दहा शेर चटणी पाहिली आणि एकदाच विचारलं, "एवढी?"

"गणित आहे," मामंजी म्हणाले.

आणि जास्त चटणी मिळाली म्हणून कोल्हापूरच्या आचाऱ्यानं तक्रार केल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

पंगत बसली. आमच्याकडच्या मंडळींनी पहिला भुरका मारला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि भाकरी चुरायला घेतली. "आज कायतरी जेवल्यागत वाटतंय," असं कुणीसं म्हणालंही. पण समोरच्या ओळीत वाडीचे पाहुणे बसले होते, तिथं हात थांबले. मग ठसका. मग दुसरा. एका म्हाताऱ्या पाहुण्यानं तांब्या उचलून थेट डोक्यावर ओतला. व्याही उठले. त्यांचा चेहरा रश्श्याच्याच रंगाचा झाला होता. आवाज निघत नव्हता, तरी त्यांनी तो काढला. "हे जेवण आहे की शिक्षा? ह्या घरची मुलगी आमच्या घरात चूल पेटवणार असेल, तर ती इथंच राहूं दे. आम्ही निघतों."

वन्सं माझ्याच शेजारी उभ्या होत्या. हातापायाची हळद उतरली नव्हती. त्यांनी माझं मनगट धरलं ते इतकं घट्ट, की बांगडी पिचली. मामंजी कोठीच्या दारात उभे होते आणि बोटांवर काहीतरी मोजत होते. सगळं लग्न मोडायला आलं होतं आणि तो मनुष्य हरवलेलं पूज्य शोधत होता.

आत्याबाई मात्र पदर खोचून थेट पंगतीत गेल्या. आयुष्यात कधी परक्या पुरुषापुढं न बोललेली बाई. म्हणाल्या, "पावणं, बसा. त्यो रस्सा तुमच्यासाठी न्हवताच. आमच्या माणसांचा हाय. वाढप्यानं पानं चुकवली. तुमचा येतोय की मागनं." इतकं सरळ खोटं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. आत आल्या आणि आम्हा बायकांना म्हणाल्या, "बघता काय? नारळ फोडा!" नारळ पाहुण्यांनीच पोतं भरून आणलेले. मटण शिजवलेलं अळणी पाणी एका हंड्यात बाजूला ठेवलेलं होतं, त्यात चटणीचा कण नव्हता. आम्ही खोबरं खवलं, वाटलं, पिळलं. आत्याबाईंनी त्या पाण्यात तो रस घातला, वेलदोडा, लवंग, मिरी काय काय हाताला येईल ते टाकलं. पांढराशुभ्र रस्सा वाट्यांतून पाहुण्यांपुढं गेला. व्याह्यांनी संशयानं एक घोट घेतला. मग दुसरा. मग वाटी पुढं केली. पांढरा रस्सा आधीपासून कोल्हापुरात होताच, पण तो आपणच त्या दिवशी पहिल्यांदा केला, असं आत्याबाई शेवटपर्यंत सांगत. निघताना व्याही हात जोडून म्हणाले, "विहीणबाई, आमच्या घरच्यांना सांगायला हवं. ह्यात काय काय आणि किती किती घातलंत?"

आत्याबाई म्हणाल्या, "अंदाजानं."

मामंजी तिथंच होते. त्यांनी ते ऐकलं.

त्या दिवसापासून मामंजी मोजेनासे झाले. दूध न्यावं तर मुकाट्यानं पिऊन पेला परत द्यायचे. खिडकीखालच्या बायका ताटकळून पुढं जाऊ लागल्या. चाचा नवं अत्तर घेऊन आले, मनगटाला लावलं, म्हणाले, "साहेब, कितने पूज्य?" मामंजी म्हणाले, "असतील चारदोन." चाचांचा चेहरा पडला. पेटी मिटून ते निघून गेले. घरात एवढी शांतता झाली, की चुलीतलं लाकूड तडकलं तरी दचकायला व्हायचं. आत्याबाई, ज्यांनी वर्षानुवर्षं त्या पूज्यांना शिव्या घातल्या होत्या, त्या आता भाजीला फोडणी देताना सोप्यात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायच्या, "आज दोन पळ्या तेल घातलंय हां!" सोप्यातून उत्तर यायचं, "बरं." मग त्या माझ्याकडं बघायच्या आणि उगाचच विस्तव सारखा करायच्या.

श्रावण सरता सरता आत्याबाई तापानं आडव्या झाल्या. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. मनगटं काडीसारखी झाली. वैद्य म्हणाले, औषध राहू दे, पेज पोटात गेली पाहिजे, नाहीतर माझ्या हातात काही नाही. मी वाटी घेऊन बसायची, वन्सं वाडीहून आल्या होत्या त्या बसायच्या, आमचे हे बसायचे. आत्याबाई तोंड भिंतीकडं फिरवायच्या. "एवढी न्हाय गं जायाची मला," एवढंच म्हणायच्या.

एका दुपारी मामंजींनी माझ्या हातातली वाटी घेतली आणि ते त्यांच्या उशाशी बसले. मग घसा साफ केला आणि अगदी हळू म्हणाले, "एवढी कुठं आहे? ही काय वाटी आहे? बघ, शून्य दशांश, पूज्य, पूज्य, पूज्य..." कित्येक महिन्यांनी तो आवाज घरात उमटला. मी दारातच थांबले. पूज्यं सावकाश पडत गेली, पण सवय मोडली होती. "...पूज्य, पूज्य, दोन," असं म्हणून त्यांनी चमचा पुढं केला.

भिंतीकडं तोंड केलेल्या आत्याबाई बोलल्या, "वाटीला बारा असत्यात. अकराच म्हटलासा. एक खाल्लंसा तुम्ही."

मामंजींनी चमचा पुन्हा वाटीत ठेवला. "तू मोजत होतीस?"

"इतकी वर्सं कानाशी चाललंय, मग काय करू? आता पुन्यांदा पयल्यापास्नं म्हणा. नीट म्हणा." आणि त्यांनी तोंड इकडं वळवलं.

मामंजींनी पहिल्यापासून म्हटलं. दर पूज्याला एक चमचा. बारा पूज्यं झाली आणि दोन म्हणेपर्यंत वाटीचा तळ दिसला होता. त्यानंतर रोज दोन वेळा तसंच चाललं. दिवाळीला आत्याबाई भिंतीला धरून चुलीपर्यंत आल्या आणि पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर मी घातलेलं मीठ जास्त झालंय म्हणून मला बोलल्या. मामंजी सोप्यात ते ऐकत बसले होते आणि फेटा पुन्हापुन्हा नीट करत होते.

आता दोघंही राहिली नाहीत. त्यांच्या आठवणी निघाल्या की घरातली माणसं लग्नातल्या त्या रश्श्यावर हसतात, मीही हसते. पण मला आठवतो तो आत्याबाई बऱ्या झाल्यानंतरचा हिवाळा. आत्याबाई एक दिवस अचानक म्हणाल्या, "तुमी बांधलेला त्यो तलाव मला कवा दावलाच न्हाईसा." मामंजी दुसऱ्याच दिवशी बैलगाडी घेऊन आले. त्यांना सांभाळायला म्हणून मीही गेले. बांधावर पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. आत्याबाईंनी एवढं पाणी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या किती तरी वेळ काठावर उभ्या होत्या, वाऱ्यानं पदर उडत होता, तो धरायचंही भान नव्हतं. मग त्यांनी मामंजींना विचारलं, आपणहून, पहिल्यांदाच, "किती असंल वो हे?"

मामंजींनी तोंड उघडलं. आकडा त्यांना पाठ असणार, सगळी हयात त्याच्यासाठी गेली होती. पण त्यांनी एकदा पाण्याकडं पाहिलं, एकदा आत्याबाईंच्या उतरलेल्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाले, "सांगतो. आधी बस जरा, पाय दुखतील."

दोघं बांधावर बसली. मला मागून त्यांच्या पाठीच दिसत होत्या. सूर्य डोंगराला टेकला, बैलांनी वैरण संपवली, गाडीवान अंधार पडेल म्हणून खाकरला. त्यांना उठवायला मी पुढं झाले नाही. आकडा काही त्यांनी सांगितला नाही, आणि आत्याबाईंनीही पुन्हा विचारला नाही.